माती किती इंच?

नवा बंगला किंवा रो हाउस बांधून झालं की सगळ्यात शेवटी बागेची पाळी येते. तोवर घराचं बजेट संपत आलेलं असतं आणि अंगणात बांधकामाचा राडारोडा पडलेला असतो. मग दोन-तीन लँडस्केपवाल्यांना बोलावलं जातं. ते जागा पाहतात, अंदाजे मापं घेतात आणि चार दिवसांत व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवतात. अंगण एकच, पण एकाचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट. घरच्यांना वाटतं, कमी सांगणारा प्रामाणिक आणि जास्त सांगणारा लुबाडणारा. प्रत्यक्षात अनेकदा त्या दोघांनी दोन वेगळ्या कामांचे भाव दिलेले असतात.

हा फरक सगळ्यात जास्त लपतो तो मातीत.

समजा, १००० चौरस फुटांवर हिरवळ करायची आहे. कोटेशनमध्ये ‘लाल माती भरणे’ एवढंच लिहिलं आहे. एका कंत्राटदाराने मनात ९ इंचांचा थर धरला, तर त्याला ७५० घनफूट माती लागेल. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे साडेसात ब्रास. दुसऱ्याने ४ इंच धरले, तर त्याचं काम साडेतीन ब्रासच्या आत भागतं. मातीचा खर्च निम्म्याहून कमी, आणि काम झाल्यावर वरून पाहणाऱ्याला दोन्हींत काहीच फरक दिसत नाही. तो दिसतो पुढच्या एप्रिल-मेमध्ये, पातळ थरावरची हिरवळ ठिकठिकाणी पिवळी पडते तेव्हा. डंपरमधून आलेली माती सुटी असते. पाणी मारल्यावर ती खाली बसते. त्यामुळे ‘पाणी देऊन बसल्यानंतर ९ इंच’ असं लिहून घेणं गरजेचं आहे. माती आली की डंपरच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि भरलेली उंची टेपने मोजता येते.

मातीच्या खाली काय आहे, हाही प्रश्न आहेच. सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे आणि प्लॅस्टर तसंच ठेवून वर माती पसरली की झाडांची मुळं तिथेच अडतात. राडारोडा कोण उचलणार, किती खोल खणणार आणि कुठे नेऊन टाकणार, हे कोटेशनमध्ये हवं. जिथे खाली काळी माती आहे, तिथे पावसात पाणी लवकर जिरत नाही. अशा जागी उतार आणि निचऱ्याचा पाइप यांची वेगळी ओळ नसेल, तर तो खर्च पुढे ‘एक्स्ट्रा’ म्हणून समोर येतो.

झाडांच्या यादीतही असंच होतं. ‘चाफा – ६ नग’ या ओळीतून काहीच ठरत नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांमध्ये फिरलं तर एकाच जातीचं रोप लहान पिशवीतलं गुडघाभर उंचीचंही मिळतं आणि मोठ्या पिशवीतलं माणसाच्या उंचीचंही. दोन्हींच्या किमतीत मोठं अंतर असतं. म्हणून जात, उंची आणि पिशवीचा आकार या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या हव्यात. लहान झुडपांच्या बाबतीत अंतरही महत्त्वाचं. १०० चौरस फुटांच्या वाफ्यात एकेक फुटावर लावली तर १०० रोपं बसतात, ९ इंचांवर लावली तर पावणेदोनशेच्या वर.

हिरवळीसाठी कोणतं गवत आणि ते कसं लावणार, हे विचारायला हवं. तयार कार्पेट अंथरलं तर अंगण लगेच हिरवं दिसतं, मुळ्या टोचून लावल्या तर भरायला काही आठवडे जातात. हरळीच्या जातींना भरपूर ऊन लागतं. आंब्याच्या गर्द सावलीत त्या सुचवणाऱ्या कंत्राटदाराला कारण विचारलंच पाहिजे.

पेव्हर ब्लॉकसाठी आयएस १५६५८ हे भारतीय मानक आहे. नुसत्या पायवाटेला ५० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक पुरतात, गाडी जाणार असेल तर किमान ६० मिलिमीटरचे हवेत. त्यांच्याखाली दाबलेला मुरूम, खडी आणि कच यांचे थर किती जाडीचे, हेही लिहिलेलं असावं. थर नीट दाबलेले नसले की ब्लॉक खचतात.

या सगळ्यावर उपाय सोपा आहे: यादी कंत्राटदाराची नको, घरमालकाची हवी. आधी स्वतः मापं घ्यावीत, कामांच्या ओळी कराव्यात, प्रत्येक ओळीपुढे परिमाण लिहावं आणि तोच कागद तिघांनाही द्यावा. त्यांनी फक्त दर भरायचे. एखाद्याला वेगळी पद्धत सुचवायची असेल, तर ती वेगळ्या ओळीत. मग एका ओळीत दर फारच कमी दिसला, तर नेमकं काय गाळलं आहे ते विचारता येतं.

करही तपासावा. नुसती रोपं विकत घेतली तर त्यांवर जीएसटी लागत नाही. माती, फरशी आणि मजुरीसह पूर्ण काम दिलं तर साधारणपणे १८ टक्के लागतो. एकाने कर धरून आणि दुसऱ्याने तो वगळून आकडा दिला असेल, तर तुलना फसते. जागेवरचं जुनं झाड ‘साफसफाई’त तोडून देतो, असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबवावं. महाराष्ट्राच्या शहरी भागात १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार, झाड खासगी आवारात असलं तरी ते तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

पैसे टप्प्यांत द्यावेत: थोडी आगाऊ रक्कम, माती व फरशीचं काम मोजून झाल्यावर पुढचा हप्ता, लागवडीनंतर आणखी एक. कोटेशन मार्चमध्ये मागवली तर खोदकाम आणि फरशी पावसाआधी उरकते आणि जून-जुलैत लागवड होते. शेवटचा हप्ता पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवण्याची अट आधीच मान्य करून घ्यावी, कारण पाणी कुठे तुंबतं आणि ब्लॉक कुठे खचतात ते तोवर कळतं. मेलेलं रोप त्याच जातीचं, त्याच उंचीचं आणि किती महिन्यांपर्यंत मोफत बदलून मिळेल, हेही त्याच कागदावर, दोघांच्या सह्यांच्या वर, लिहिलेलं असावं.