बॉनेटवरचा आकडा

जुनी लष्करी लॉरी दुरुस्तीला घेतली की पहिला मोह होतो तो वाळूचा मारा करून सगळा रंग उतरवण्याचा. मी एकदा तसे केले, अजून सलते. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात फोर्ड आणि शेवरोले या कंपन्यांनी ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांसाठी एकाच नमुन्याच्या लाखो गाड्या बांधल्या. स्टिअरिंग उजवीकडे. नंतरच्या केबिनची काच वरून पुढे झुकलेली, म्हणजे ऊन जमिनीकडे परतावे आणि विमानातून चकाकी दिसू नये. कित्येक गाड्या सुट्या भागांच्या पेट्यांतून मुंबईत आल्या आणि इथेच जोडल्या गेल्या.

चासीच्या क्रमांकावरून कारखान्यापर्यंत पोचता येते. पण सैन्यात गाडीची नोंद काय होती, हे सांगतो तो बॉनेटवर रंगवलेला आकडा. ब्रिटिश सैन्यात लॉरीचा आकडा ‘एल’ने सुरू होई. युद्धानंतर गाड्या लिलावात गेल्या, नव्या मालकांनी रंगावर रंग चढवले. त्यांच्याखाली तो पुष्कळदा शाबूत असतो. म्हणून आता बारीक पॉलिश पेपर, पाणी आणि एका वेळी बोटभर जागा. हिरवा, निळा, तांबडा, मग खाकी. परवा तिथे ‘एल’चा पाय दिसला. पुढचे आकडे मात्र कुणीतरी वेल्डिंगने बसवलेल्या ठिगळाखाली आहेत. ते काढायला अजून हात धजावलेला नाही.