कूलरमधली बुरशी आणि छातीचा विकार

लेवीय ग्रंथाच्या १४व्या अध्यायात घराच्या भिंतीवरील चट्ट्यांविषयी नियम आहेत. हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले तर घरधन्याने याजकाला कळवावे. याजकाने घर रिकामे करवून पाहणी करावी, सात दिवस ते बंद ठेवावे, आणि चट्टे पसरले असतील तर तेथले दगड काढून, गिलावा खरवडून गावाबाहेर टाकावा. म्हणजे बुरशीची पाहणी हे आमचे जुनेच काम आहे! घरांना आशीर्वाद देण्यास जातो तेव्हा भिंतींबरोबर कोपऱ्यातल्या कूलरकडेही आम्ही पाहतो.

औराद, भालकी, आळंद या भागांत पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास ऊन तापू लागते आणि माळ्यावरचे कूलर खाली येतात. कूलरमध्ये गवताच्या जाळीवर पाणी झिरपते. पंखा बाहेरची कोरडी हवा तिच्यातून ओढतो. पाण्याची वाफ होताना हवा थंड होते. मात्र ती वाफ खोलीतच येते. खिडकी बंद असली की भिंती, गाद्या, कपडे दमट होतात. जून उजाडल्यावर हवाच ओली असते. तेव्हा कूलर गारवा कमी आणि ओल जास्त देतो.

बुरशीला ओल, ऊब आणि खाद्य हवे. भिजलेल्या गवतात तिन्ही मिळतात, आणि तिचे कण पंखा रात्रभर निजलेल्यांच्या तोंडावर सोडतो.

शेतकऱ्याला हे नवे नाही. पावसात भिजलेली कडब्याची गंजी आतून तापते. पेंढी सोडताना पांढरी धूळ उडते आणि खोकल्याची उबळ येते. अशा कुजक्या गवतात काम केल्यावर होणाऱ्या विकाराचे वर्णन इंग्लंडात डॉ. कॅम्पबेल यांनी १९३२ साली केले. पुढे त्याला ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ असे नाव पडले. १९७० साली अमेरिकेत तसाच विकार एका कचेरीतील कर्मचाऱ्यांत आढळला. कारण निघाले तेथले वातानुकूल यंत्र. आपल्या देशात २०१२ ते २०१५ या काळात १९ शहरांतील १,०८४ फुप्फुसरोग्यांची नोंद झाली. सुमारे ४७ टक्क्यांना याच जातीचा विकार होता, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा संबंध कूलरशी आला होता. कूलर वापरणारा प्रत्येक जण आजारी पडतो असा याचा अर्थ नव्हे. पण ज्याला बाधते त्याला फार बाधते.

धूळ श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यावर चार ते आठ तासांत ताप, थंडी, कोरडा खोकला, धाप सुरू होते. दोन दिवस परगावी गेले की बरे वाटते, घरी परतले की पुन्हा तेच. लोक हिवताप समजून गोळ्या घेतात. काहींना ताप येतच नाही; खोकला व धाप महिनोन्महिने हळूहळू वाढते, वजन घटते, आणि क्षयाचा संशय येतो. क्षयाची तपासणी अवश्य करावी. परंतु घरात कूलर आहे, कडब्यात काम असते, हेही डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. ते विचारतीलच असे नाही. वेळीच कारण दूर केले तर फुप्फुस बहुधा सावरते. एकदा त्यात व्रण धरले की ते पुन्हा मऊ होत नाही.

वातानुकूल यंत्रात बाहेरून पाणी घालावे लागत नाही, तरी थंड नळ्यांवर दव धरते. ते वाहून न जाता साचले तर तीच गत. त्याची गाळणी पंधरवड्याला धुऊन पूर्ण वाळवावी व पाण्याची नळी मोकळी ठेवावी.

कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी व वाळू द्यावी. डासांचाही त्रास टळतो. वायर काढल्याशिवाय हात लावू नये. चालू असताना समोरची खिडकी उघडी असावी. भिंतीवरची बुरशी साबणाच्या पाण्याने धुवावी, पण आधी गळती बंद करावी. नुसता चुना फासला तर ती पावसाळ्यात पुन्हा वर येते. गवताची जाळी दर हंगामात नवी बसवावी. जुनी काढताना नाकातोंडावर मास्क लावावा, दमेकऱ्यांना व मुलांना दूर ठेवावे, आणि जाळी ओली असतानाच पोत्यात भरावी, म्हणजे धूळ उडत नाही.