शिक्षा सरली, कलंक उरला

न्यायालय अपराध्याला शिक्षा ठोठावते तेव्हा तिची मुदतही सांगते. परंतु कोलवाळच्या कारागृहातून मुदत भरून बाहेर पडलेला तरुण नोकरीचा अर्ज भरावयास बसला, की दुसरी शिक्षा सुरू होते. आणि तिला मुदत नसते. 'आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय?' या रकान्यात खरे लिहावे, तर दार बंद; खोटे लिहावे, तर पोलीस पडताळणीत ते उघडकीस येऊन मिळालेली नोकरीही जाण्याची धास्ती!

कायद्याने काहीच सोय केलेली नाही, असे नव्हे. परिवीक्षेवर सोडलेल्या अपराध्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू नये, असे 1958 च्या परिवीक्षा कायद्याचे बारावे कलम सांगते. दोषसिद्धी मात्र त्याने पुसली जात नाही. अवतार सिंग प्रकरणी 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की तरुण वयात घोषणा देण्यासारखा क्षुल्लक अपराध कोणी अर्जात लपविला असला, तरी नोकरी देणाऱ्यास स्वविवेकाने त्याकडे काणाडोळा करता येईल. पण हा स्वविवेक वापरणार कोण? 'अपात्र' असा शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही. विश्वास टाकणाऱ्याला मात्र उद्या विचारला जाईल. आणि ज्या प्रौढाने प्रत्यक्ष कैद भोगली, त्याच्यासाठी कलंकाची कालमर्यादा ठरविणारा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाहीच.

ब्रिटनने तो 1974 साली केला. ठरावीक वर्षे माणूस सरळ वागला, तर बहुतेक नोकऱ्यांसाठी जुनी शिक्षा सांगण्याचे बंधन राहत नाही. अतिगंभीर शिक्षा आणि मुलांच्या सान्निध्यातील कामे यांना अपवाद ठेवले आहेत. आपल्याकडेही औंध संस्थानाने 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांना तटबंदीविना शेतीवर ठेवून विश्वासाचा प्रयोग केला होता.

अपहार करणाऱ्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या द्या, असे आम्ही म्हणत नाही. अपराधाचा कामाशी संबंध काय आणि मध्ये किती वर्षे लोटली, एवढे पाहा. गोवा सरकारने हा रकाना निवड झाल्यानंतरच विचारावा आणि नकाराची कारणे लेखी देण्याची सक्ती करावी. मुदतीचा कायदा संसदेने करावा. प्रामाणिक कामाचे दार बंद केले, तर माणसाला तुरुंगाचेच दार ओळखीचे वाटू लागते. मग पुन्हा वाढणाऱ्या गुन्ह्यांबद्दल समाजाने कोणत्या तोंडाने तक्रार करावी?