दोन कप्प्यांची खिडकी

आमच्या घरातली कागदपत्रे पूर्वी एका पत्र्याच्या पेटीत असत. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्ड, बाबांचा कारखान्यातला पास आणि लग्नातले चार फोटो. पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास यायचा, पण हवा तो कागद पाच मिनिटांत हाती लागायचा. आज तेच सारे फोनमध्ये, पेनड्राइव्हवर आणि मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर विखुरले आहे. अर्जाची शेवटची तारीख उद्यावर येते, आणि घरातले सगळे 'फायनल', 'फायनल २' अशा नावांच्या फोल्डरांत डोके खुपसून बसतात. वाचकहो, तुमच्याही घरी हेच होत असेल, म्हणून हा लेख.

फायली इकडून तिकडे नेण्यासाठी एक वेगळ्या प्रकारचा प्रोग्रॅम असतो. त्याच्या पडद्याचे उभे दोन भाग असतात. डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे दुसरे. दोन पेट्या समोरासमोर उघडून ठेवाव्यात आणि एकीतले सामान दुसरीत लावावे, तसा हा प्रकार. काय कुठून कुठे जाणार आहे हे एकाच वेळी डोळ्यांसमोर असते, यातच त्याचे सारे मोल आहे.

ही कल्पना जुनी आहे. १९८६ साली अमेरिकेत जॉन सोचा यांनी लिहिलेला 'नॉर्टन कमांडर' बाजारात आला. तेव्हा विंडोजचा आजच्यासारखा प्रसार नव्हता; डॉसच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करावी लागे आणि एक अक्षर चुकले की काम अडे. त्या माणसांना हे निळे दोन कप्पे म्हणजे मोठाच दिलासा वाटला. रशिया आणि पूर्व युरोपात तर त्याने घरोघरी जागा मिळवली. पुढे १९९३ मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रिस्तियान गिसलर यांनी विंडोजसाठी याच धर्तीचा प्रोग्रॅम काढला. त्याचे नाव आधी 'विंडोज कमांडर' होते. 'विंडोज' हे नाव मायक्रोसॉफ्टचे, म्हणून २००२ मध्ये ते बदलून 'टोटल कमांडर' झाले. मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा यांनी १९९४ मध्ये युनिक्स-लिनक्ससाठी 'मिडनाइट कमांडर' सुरू केला. तो मोफत आहे. टोटल कमांडर महिनाभर वापरून पाहता येतो, नंतर पैसे भरावेत अशी अपेक्षा असते. पैसे भरले नाहीत तर उघडताना दर वेळी १, २, ३ पैकी सांगितलेला आकडा दाबायला लावतो. ज्यांना खर्च नको, त्यांच्यासाठी 'डबल कमांडर' आहे. तो जवळजवळ तसाच, पूर्ण मोफत, आणि विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालतो. आमच्या घरी तोच आहे.

आता कळा. शिकायला एक संध्याकाळ पुरते. टॅब दाबली की कर्सर या कप्प्यातून त्या कप्प्यात जातो. एफ३ ने फाईल नुसती पाहता येते, एफ४ ने तिच्यात बदल करता येतो. एफ५ म्हणजे प्रत काढणे, एफ६ म्हणजे उचलून पलीकडे नेणे, एफ७ म्हणजे नवे फोल्डर, एफ८ म्हणजे काढून टाकणे. १९८६ च्या या कळा आजही त्याच आहेत. आजोबा शिकले असते तर नातवाला शिकवू शकले असते. लॅपटॉपवर या कळा कधीकधी आवाज आणि उजेड कमीजास्त करण्यासाठी ठेवलेल्या असतात. मग सोबत 'एफएन' कळ दाबावी लागते. हे ठाऊक नसल्याने आम्ही पहिला दिवस प्रोग्रॅमलाच दोष देण्यात घालवला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. एफ५ नेहमी कर्सर असलेल्या कप्प्यातून समोरच्या कप्प्यात प्रत टाकते. डावीकडून उजवीकडे असा काही नियम नाही. जिथे कर्सर, तिथून.

आमच्या आत्याने गावाकडच्या आठवणी सांगायला घेतल्या होत्या. रोज जेवणानंतर ती बोलायची आणि आम्ही टाइप करायचो. लॅपटॉपवर तीस पाने झाली होती. पेनड्राइव्हवर होती ती जुनी, अकरा पानांची प्रत. पेनड्राइव्हवर नवी प्रत ठेवावी म्हणून आम्ही दोन्ही कप्पे उघडले. मध्ये फोन वाजला, कुठेतरी टॅब एकदा जास्त दाबली गेली. परत येऊन एफ५ दाबली. 'या नावाची फाईल तिथे आहे, तिच्यावर लिहू का?' असे त्याने विचारले. दोन्ही फायलींच्या तारखा आणि आकारही समोर मांडले. आम्ही न वाचता होकार दिला. अकरा पाने तीस पानांवर जाऊन बसली. अशी वरून लिहिलेली फाईल कचरापेटीतही जात नाही.

आत्याला सांगायचे कसे? दोन दिवस आम्ही तो विषय टाळला. शेवटी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग काय झालं बाबा, परत सांगते." आणि सांगितलेही. पण विहिरीवरच्या भांडणाची जी गोष्ट पहिल्यांदा तीन पाने झाली होती, ती या खेपेला दहा ओळींत आटोपली. पहिल्या वेळचे काही शब्द आम्हाला आठवतात, सगळे नाही.

तेव्हापासून आमच्या घरात काही सवयी लागल्या. एफ५ नंतर जी छोटी चौकट येते, तिच्यात प्रत कुठे जाणार तो पत्ता लिहिलेला असतो. तो मोठ्याने वाचायचा, मगच एंटर. तीच फाईल आधीपासून असेल तर सरसकट होकार न देता 'फक्त जुन्यांवर लिही' हा पर्याय निवडायचा. म्हणजे नवी फाईल जुनीखाली गाडली जात नाही. पेनड्राइव्हवरून काढलेले परत येत नाही असे धरूनच एफ८ दाबायची. आणि काम झाल्यावर मेनूमध्ये दोन फोल्डरे जुळवण्याची सोय आहे, ती चालवायची. कोणत्या बाजूला काय कमी, काय जुने, हे ती ओळीने दाखवते. नुसती तारीख नव्हे, आतला मजकूरही ताडून पाहायला सांगता येते.

राहिला आपल्या सोयीप्रमाणे मांडणी करण्याचा भाग. यात आमचा जीव रमतो, हे कबूल करायला हवे. अक्षरे मोठी करून घेतली, आत्याला चष्म्याशिवाय वाचता यावे म्हणून. फाईलच्या प्रकारानुसार रंग देता येतो. पीडीएफ लाल, फोटो हिरवे, टाइप केलेले निळे. आता दाखले शोधताना नजर फक्त लाल ओळींवर फिरते. कंट्रोल आणि डी दाबली की आवडत्या फोल्डरांची यादी येते. त्यात 'दाखले', 'मुलीचे कॉलेज', 'आत्या' ही तीन नावे आम्ही टाकली आहेत. कंट्रोल आणि एमने एकाच वेळी शेकडो फायलींची नावे बदलता येतात. फोनने दिलेली आकड्यांची लांबलचक नावे जाऊन 'दाखला-०१', 'दाखला-०२' अशी नावे येतात, आणि बदल करण्याआधी नवी यादी पाहायला मिळते. नावे देवनागरीत ठेवायला हरकत नाही. टोटल कमांडरच्या जुन्या आवृत्त्यांत मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत, २००९ च्या आवृत्तीपासून ते थांबले. मात्र अर्जासाठी चढवायच्या फायलींची नावे इंग्रजी अक्षरांत आणि आटोपशीर ठेवावीत, असा आमचा अनुभव आहे.

वरच्या पट्टीवरची न लागणारी बटणे आम्ही काढून टाकली. कर्सर असलेल्या ओळीला मात्र गडद पिवळा रंग दिला आहे, म्हणजे आपण कोणत्या कप्प्यात उभे आहोत ते खोलीच्या दारातूनही दिसते.

यातली बरीचशी मांडणी डबल कमांडर एका छोट्या फाईलमध्ये लिहून ठेवतो. तिचे नाव 'डबलसीएमडी.एक्सएमएल'. तिची एक प्रत आम्ही पेनड्राइव्हवर आत्याच्या फायलीशेजारीच ठेवली आहे. उद्या लॅपटॉप बदलला तरी याद्या पुन्हा बसवाव्या लागणार नाहीत. आत्याची पाने सध्या चोवीसवर आली आहेत, आणि त्यांच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत.