पेटीतल्या अजगराचा उपवास

बँकॉकहून मुंबईच्या विमानतळावर उतरलेल्या प्रवाशांच्या सामानातून साप निघाल्याची वृत्ते आता इतक्या सातत्याने प्रसिद्ध होऊ लागली आहेत, की जून २०२५ मधील ४७ विषारी सर्पांच्या जप्तीची हकिगत येथे नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. पंचनामा होतो, मुद्देमालाची मोजदाद होते, आरोपीची जबानी होते. परंतु त्या मुद्देमालापैकी जे जिवंत आहे त्याने शेवटचे कधी खाल्ले, हा प्रश्न बातमीत सहसा येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांतून ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक बाहेर काढले, तेव्हा त्यांना आल्या वाटेने परत धाडण्याचा हुकूम झाला. जे असे पकडले जात नाहीत ते कोणाच्या तरी दिवाणखान्यातील काचेच्या पेटीत पोहोचतात, आणि तेथे थोड्याच दिवसांत मालकाची एक तक्रार सुरू होते, ती म्हणजे साप काही खात नाही.

या तक्रारीत बॉल पायथनचा क्रमांक पहिला लागेल. पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या प्रदेशांत उंदरांच्या आणि वाळवीच्या बिळांतून राहणारा हा लहान अजगर स्वभावाने भिडस्त, आणि म्हणूनच हौशी मंडळींचा आवडता. पण तोच भिडस्तपणा अन्नाच्या बाबतीत त्याच्या मुळावर येतो. चारही बाजूंनी पारदर्शक असलेल्या पेटीत ज्याला अंग लपवायला जागा नाही, ज्याला दिवसातून चार वेळा पाहुण्यांसमोर हातावर घेतले जाते, तो प्राणी भुकेपेक्षा भयाला अधिक मान देतो. अंगाला सर्व बाजूंनी टेकेल अशी एक अंधारी दडण पेटीत ठेवावी आणि आठवडाभर त्याला हात लावू नये, एवढ्याने पुष्कळदा काम भागते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात या कारणाला हवामानाची जोड मिळते, आणि तिकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे माझे स्पष्ट मत आहे. उल्हास नदीच्या खोऱ्यात, डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या बदलापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा मुंबई शहरापेक्षा कितीतरी खाली उतरतो आणि एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडतो. या अजगराला पेटीच्या एका टोकास ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकास २५ ते २७ अंश उष्णता लागते, कारण त्याच्या देहात स्वतःची उष्णता निर्माण करण्याची तजवीज जवळजवळ नाही. थंड पडलेल्या सापाने उंदीर गिळलाच, तर तो पोटात पचण्याऐवजी कुजतो आणि उलटून पडतो. अशा वेळी अन्न नाकारणे हे त्याचे शहाणपण असते. त्यातच पहाटे वीज गेली, की गरम पट्टीवर विसंबलेल्या पेटीचा सारा बंदोबस्त कोसळतो. तेव्हा तापमापक आधी पाहावा आणि सापाकडे मागाहून वळावे.

डोळे दुधाळ निळसर झाले असतील, तर कात टाकण्याची वेळ आली आहे असे समजून त्याला एकटे सोडावे. त्यानंतर संध्याकाळी गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवून त्याचे गोठलेपण पूर्ण घालवून, कोरडा करून, जिवंत प्राण्याच्या अंगाइतका उबदार असतानाच लांब चिमट्याने समोर धरावा. या सापाच्या ओठांवरील खाचा उष्णता ओळखतात. जिभेची वळवळ मंदावते, मानेचा भाग मागे ओढला जाऊन नागमोडी होतो, आणि क्षणार्धात झडप पडते. जिवंत उंदीर मात्र सोडू नये. न खाणाऱ्या सापाला उंदराने कुरतडल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

मालकाच्या धास्तीवर सर्वांत चांगला उतारा मला एका अमेरिकन शास्त्रज्ञाच्या कार्यात सापडला. आर्कान्सा विद्यापीठातील मार्शल मॅक्यू यांनी बॉल पायथन, रॅट स्नेक आणि डायमंडबॅक खुळखुळ्या साप (रॅटलस्नेक) अशा ३ जातींच्या ६२ सापांना सुमारे ६ महिने अन्नावाचून ठेवून २००७ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते वाचून मन खरोखर थक्क होते. उपवासाच्या काळात काही सापांनी आपल्या चयापचयात ७२ टक्क्यांपर्यंत घट केली. म्हणजे आधीच काटकसरीने चालणाऱ्या देहाने आपला खर्च आणखी आखडला. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की पोटात अन्नाचा कण नसताना हे साप लांबीने वाढत राहिले. आधी चरबी खर्ची पडली. रॅट स्नेकांनी मात्र देहातील प्रथिनांना इतरांहून लवकर हात घातला. ब्रह्मी अजगरावरील दुसऱ्या एका अभ्यासात, मोठे भक्ष्य गिळल्यानंतर दोन-तीन दिवसांत हृदयाचे वस्तुमान ४० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. आपल्या रोजच्या दोन जेवणांचा हिशेब ज्या प्राण्याला लागूच पडत नाही, त्याच्या जबड्यात घाबरून बळजबरीने घास कोंबणे हा मला निखालस अत्याचार वाटतो. तो अखेरचा उपाय आहे आणि तो पशुवैद्याच्याच हाती असावा. पिल्लांचा साठा अल्प असतो, त्यांना इतकी मुभा नाही. प्रौढ सापाचे मात्र दर आठवड्याला वजन करावे. ते दहाव्या हिश्शाहून अधिक घटले, तोंडात चिकट स्राव दिसला किंवा श्वासाबरोबर शीळ ऐकू आली, तर विलंब नको.

विलंब होतो तो कागदांमुळे. वन्यजीव अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनंतर बॉल पायथनसारख्या विदेशी प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर रीतसर नोंद करणे बंधनकारक झाले आणि त्यासाठी ६ महिन्यांची मुदतही देण्यात आली. ज्याच्यापाशी ती नोंद नाही तो मालक दवाखान्याची पायरी चढण्यास कचरतो, आणि या भीतीची किंमत पेटीतला प्राणी मोजतो. नोंद नसलेला प्राणी विकत घेऊच नये, हे मी शास्त्राच्या आधी माणुसकीच्या नात्याने सांगेन.

आपल्या मातीतल्या सापांविषयी तर वादच नाही. नाग, धामण, अजगर, मांडूळ यांपैकी काहीही घरी ठेवणे १९७२ च्या अधिनियमाने गुन्हा आहे. ठाणे जिल्ह्यात मांडुळाच्या विक्रीची प्रकरणे पुन्हा पुन्हा उघडकीस येतात. धनलाभाच्या खुळ्या समजुतीपायी या निरुपद्रवी, भुसभुशीत मातीत राहणाऱ्या सापाला पोत्यात आणि डब्यात कोंडून त्याचे मोल वजनावर ठरवले जाते. अशा कैदेत तो अन्नाला तोंड लावत नसेल, तर त्यावर इलाज त्याला पकडलेल्या जागी परत सोडण्याचा आहे, आणि तोही वनखात्याच्या हातून. नागपंचमीला गारुड्याने तहानेने व्याकूळ ठेवलेला नाग दूध पितो, तेही पाण्याच्या अभावी. दूध पचवण्याची शक्ती त्याच्यात नाही.

कंटाळलेला किंवा घाबरलेला मालक विदेशी अजगर रात्री बदलापूरजवळच्या बारवी धरणाच्या जंगलात नेऊन सोडण्याचा विचार करतो, तो मात्र कदापि करू नये. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये बेफिकिरीने सुटलेल्या ब्रह्मी अजगरांनी तेथील सस्तन प्राण्यांची दैना केली आहे, आणि पेटीतील सापांचे रोग आपल्या रानातील अजगरांना लागण्याचा धोका वेगळाच. असा प्राणी नकोसा झाला, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवून तो त्यांच्या स्वाधीन करावा. आणि देताना त्याने शेवटचे केव्हा खाल्ले, किती वजनाचे खाल्ले, याची चिठ्ठी सोबत जोडावी.