अरैमंडी आणि गुडघे

भरतनाट्यम शिकवायला लागले, तेव्हा मुलींना माझं एकच सांगणं असे, ‘अजून खाली बसा, पावलं अजून बाहेर!’ गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायचं, ही अरैमंडी. आमच्या नृत्याचा पायाच तो. एकीचे गुडघे दुखू लागले. ‘सवयीनं जाईल,’ असं मी म्हटलं. दुखणं गेलं नाही. मुलगीच वर्गातून गेली.

मग मी वाचू लागले. बॅले नर्तकांच्या दुखापतींवर पाश्चात्त्य देशांत पुष्कळ अभ्यास झाला आहे. नृत्यवैद्यक आणि नृत्यविज्ञानाची आंतरराष्ट्रीय संघटना १९९० साली स्थापन झाली. त्यातून मला कळलं ते असं : पाय बाहेर वळतो तो मुख्यतः खुब्यातून. खुबा किती वळेल, हे हाडांच्या ठेवणीवरही अवलंबून असतं. त्यापलीकडे पावलं ओढली, की पीळ पडतो गुडघ्याला आणि घोट्याला.

आता मी सगळ्यांना एकाच मापानं बसवत नाही. गुडघा पावलाच्या रेषेत येतो का, ते पाहते. आधी अंग तापवून घेते. ताण देऊन धरून ठेवण्याचे व्यायाम शेवटी. काँक्रीटवरच्या फरशीपेक्षा खाली पोकळी असलेली लाकडी जमीन पायांना बरी, कारण ती ठोक्याचा धक्का थोडा स्वतः घेते.

पालकांनाही सांगते, दुखतंय म्हणणारी मुलगी कामचुकार नसते. ती आधीची मुलगी आज परत आली, तर मी तिला थोडं उंच बसवीन.