रद्दीतली झेरॉक्स आणि ‘लिंकेज अटॅक’



पीएच.डी.चे अर्ज भरताना आपण सगळ्यात जास्त काय करतो? झेरॉक्स! आधार, मार्कशीट, पासबुक, जातीचा दाखला... वर दोन प्रती जास्तीच्या, “असू दे, लागतील” म्हणून. मागच्या दिवाळीत घर आवरताना आईने माझा तो सगळा गठ्ठा रद्दीत काढला. मी म्हटलं, “दे की, त्यात काय आहे?”

काही महिन्यांनी ‘संचार साथी’ पोर्टलवर माझ्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते सहज पाहिलं. तीन निघाली. मी वापरते दोन! तिसरं त्या रद्दीतूनच आलं असं मी म्हणणार नाही. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नसतं, हे आपण रिसर्च मेथडॉलॉजीत शिकतोच. पण “त्यात काय आहे?” या प्रश्नाचं उत्तर मात्र संशोधनात आधीच सापडलेलं आहे.

एका विद्यार्थिनीचा शोध

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सुमारे १,३५,००० सरकारी कर्मचारी व त्यांच्या कुटुंबीयांच्या आरोग्याच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या झाल्या. त्यातून नावं काढून टाकलेली होती, म्हणजे सगळं सुरक्षित, असा समज. तेव्हा एमआयटीत शिकणाऱ्या लतान्या स्वीनी यांनी २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली. दोन्ही याद्यांत तीन गोष्टी सारख्या होत्या: जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड (तिकडचा झिप कोड). गव्हर्नर विल्यम वेल्ड केंब्रिजमध्येच राहायचे. त्यांच्या जन्मतारखेचे मतदार सहा, त्यात पुरुष तीन, आणि त्यांच्या झिप कोडमध्ये फक्त एक. गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद सापडली!

पुढे स्वीनी यांनी हिशोब मांडला की या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. २००६ मध्ये फिलिप गोल यांनी तो पुन्हा तपासला, तर आकडा ६३ टक्क्यांच्या आसपास आला. तोही काही कमी नाही.

अशा माहितीला ‘क्वासी-आयडेंटिफायर’ म्हणतात. सुटी असताना निरुपद्रवी, जोडली की ओळख उघड. आणि अशा जोडणीलाच म्हणायचं लिंकेज अटॅक.

मग घरात काय करायचं?

मुद्दा एकच: तुकडे जुळू द्यायचे नाहीत.

- जुन्या झेरॉक्स बारीक फाडा. कुरिअरच्या खोक्यावरचं नाव-पत्ता-मोबाइलचं लेबलही काढा.
- चालत असेल तिथे ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात १२ पैकी शेवटचे चारच अंक दिसतात.
- झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख.
- आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. गरजेपुरतं उघडता येतं.
- क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. आपण न घेतलेलं कर्ज तिथे दिसतं.
- घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेले कागदांचे फोटो काम झालं की डिलीट करा.
- पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन.

माझ्या त्या तिसऱ्या सिमवर मी पोर्टलवरच ‘माझा नंबर नाही’ अशी नोंद केली.

आता आपल्या कामाचं

उद्या तुम्ही सर्व्हे कराल. गावाचं नाव, वय, शिक्षण, जात, आजार अशी एक्सेल शीट घरच्या लॅपटॉपवर असेल. नावाचा कॉलम उडवला आणि “डेटा अनामिक आहे” असं प्रबंधात लिहिलं की झालं? लहानशा गावात ‘५२ वर्षांची, पदवीधर, शिक्षिका’ एकच असते. म्हणून वयाऐवजी वयोगट घ्या, गावाऐवजी तालुका लिहा, आणि नावांची यादी वेगळ्या, पासवर्ड घातलेल्या फाइलमध्ये ठेवा.

आपली झेरॉक्स गेली तर नुकसान आपलं. पण त्या शिक्षिकेने माहिती आपल्यावर विश्वास ठेवून दिलेली असते. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाआधी घरातला तो ड्रॉवर एकदा उघडून बघाच.